ओट्यापुरतं वायफाय

गेल्या महिन्यात आमच्या वाशिंदच्या घरी इंटरनेटची जोडणी घेतली. जाहिरातीत शंभरचा स्पीड होता. हॉलमध्ये साठ-सत्तर यायचा, स्वयंपाकघरात पंचवीस, आणि आतल्या खोलीत तर नुसतं चाक फिरत बसायचं. माझा नवरा चिडला. त्यानं कंपनीला फोन केला, तसा दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. त्यानं तार थेट लॅपटॉपला लावली, पूर्ण शंभर दाखवले आणि म्हणाला, "वहिनी, कंपनी देते ते तारेतून देते. हवेत सोडलं की निम्मं तुमचं घरच खातं, ही जाड भिंत, ते पाण्याचं पिंप. हे लोखंडी कपाट आधी इथून हलवा."

नवरा कपाट ओढायला लागला. मी हात लावायचा सोडून तशीच उभी राहिले. लोखंडी कपाट, जाड भिंत, पाण्याचं पिंप, ही सगळी कारणं मी आधी एकदा ऐकली होती. आमच्या वाडीत, कमळआत्याच्या ओट्यावर बसून. तेव्हा ती ऐकताना आत्या पुढे सरकून बसली होती आणि मेकॅनिकच्या तोंडाकडे अशी बघत होती, जशी औषध कसं घ्यायचं ते सांगणाऱ्या डॉक्टरकडे माणसं बघतात. तिला एवढं काय ऐकायचं आहे, हे आम्हा कुणालाच तेव्हा कळलं नव्हतं.

कमळआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या बौद्धवाडीतल्या सगळ्या पोरांची ती आत्याच. किन्हवलीहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पहिलं घर तिचं, मग मध्ये एक भाताचं शेत, आणि त्याच्या पलीकडे आमची बाकीची घरं. हाक मारली तर ऐकू यावी एवढंच अंतर. शाळेत खिचडी शिजवायला ती पुष्कळ वर्षं होती. उंच, काटक, नऊवारी घट्ट खोचलेली, आणि आवाज असा की शाळेच्या पायरीवरून "जेवायला या रे" म्हटलं की ओढ्यावर गेलेली पोरं पळत यायची. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही गेलं नव्हतं. मी शाळा बुडवली की आत्या पळी हातात घेऊन आमच्या दारात यायची. "पोरगी कुठाय? खिचडी उरते ना माझी," असं आईला दरडावायची. खिचडी कधी उरायची नाही, हे आईला माहीत होतं.

त्या बाईला मी घाबरलेली पाहीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिचे यजमान, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, एका पावसाळ्यात संध्याकाळी गेले. चहा पिऊन तात्या आत गेले आणि चुलीपाशी कोसळले. आत्यानं हाका मारल्या. पाऊस पत्र्यावर कोसळत होता, आमची सगळ्यांची दारं लावलेली, घराघरांत टीव्हीवर मालिका मोठ्यानं चाललेली. ती दारात आली, पुन्हा आत गेली, पुन्हा दारात आली. तात्यांना एकटं सोडून शेत ओलांडून यायचा तिला धीर झाला नाही. शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या एका रिक्षावाल्यानं ऐकलं. आम्ही पोचलो तेव्हा तात्या थंड पडले होते आणि आत्याचा आवाज पार बसला होता. लवकर नेलं असतं तरी उपयोग झाला नसता, असं शहापूरचे डॉक्टर म्हणाले. आत्यानं त्यावर कधी वाद घातला नाही. पण तात्यांचा विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "मी वरडले गो. कोणी नाय आलं."

त्यानंतर भीती तिच्या घरात राहायला आली. शेतावरून परतली की स्वतःच्याच दाराशी थांबून आधी खाकरायची आणि विचारायची, "हाय का कोण?" कुणी नाही हे माहीत असायचं. उत्तर आलं असतं तर काय केलं असतंस, असं मी एकदा विचारलं. "तुज्या घरी पळत आले असते," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. उशाशी ती पितळेची परात आणि पळी घेऊन झोपायची, वाजवायला. अंधार पडायच्या आधी पाणी, सरपण, सगळं आत. दिवे लागले की बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून त्रिसरण म्हणायची. आम्ही शेताच्या अलीकडून ऐकायचो. हळू म्हणत असली तर आत्या बरी आहे. भरभर म्हणायला लागली की आई म्हणायची, "जा गो, जरा बसून ये तिच्याकडं."

मुलगा मिलिंददादा वाशिंदच्या एका कारखान्यात होता. तो तिला आपल्याकडे घेऊन गेलाही. आठ दिवसांत ती परत आली. दादा आणि वहिनी दोघं कामाला, तिसऱ्या मजल्यावरचं घर, दिवसभर दार बंद. "तिथं शेजारी मेला तर वासानं कळतंय," ती म्हणाली. "त्यापेक्षा माझी वाडी बरी. वरडले तर निदान कावळं तरी उडतील."

मग दादानं तिच्या घरी इंटरनेट घेतलं. रोज संध्याकाळी तिचं तोंड बघता यावं, एवढाच त्याचा हेतू. रस्त्याच्या खांबावरून तार आली ती पहिल्या घरापर्यंत. आमची वाडी खोलगट जागी, मोबाइलला धड नेटवर्क नाही. फॉर्म भरायचा तर टेकाडावर चढून हात वर करावा लागायचा. त्यामुळे आत्याकडे वायफाय आलं म्हटल्यावर सगळी पोरं तिच्या ओट्यावर. वायफायचा तो डबा तिनं मागच्या खोलीत, कोनाड्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवला होता. मधे दगडमातीची जाड भिंत. ओट्यापर्यंत जेमतेम यायचं, अंगणात उतरलं की गेलं. म्हणून सगळे ओट्यावरच, भिंतीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून.

पासवर्ड आत्या कुणालाही सांगायची. फक्त तिचा एक नियम होता. कानात दोन्ही बोंडं घालायची नाहीत. "एक कान फोनला, एक कान माझा," ती म्हणायची. "मी आतून वरडले तर ऐकू यायला पायजे."

ती नियम तपासायचीसुद्धा. आत जाऊन अगदी हळू आवाजात म्हणायची, "मेले रे." ज्याला ऐकू आलं नाही तो त्या दिवसापुरता ओट्यावरून खाली. आमच्यातला सनी एकदा गेम खेळत होता, त्याला ऐकू गेलं नाही. आत्या बाहेर आली, त्याच्यापुढे उभी राहिली.

"मी मेले, तुला कळलं काय?"

"नाय आत्या. मला वाटलं तू भात टाकतेस."

"भात टाकताना बाई मेले म्हणते काय रे? ऊठ. तुजा बाप पण त्या दिवशी टीव्ही बघत होता."

सगळे हसलो, पण सनीचे वडील मागच्या शेतातून येत होते, ते खाली मान घालून गेले. आत्यालाही ते जाणवलं असावं. दुसऱ्या दिवशी पोरांना रोजची चिंच वाटताना तिनं सनीला सगळ्यांच्या आधी दिली.

मी कॉलेजची दोन वर्षं त्या ओट्यावर काढली. शहापूरच्या कॉलेजात वर्ग व्हायचे, पण बाईंनी दिलेले व्हिडिओ, जुने पेपर, परीक्षेचे अर्ज, सगळं तिथं. मुलीच्या जातीला संध्याकाळी बाहेर बसू द्यायला वडील तयार नव्हते. आत्यानं त्यांना सांगितलं, "माझ्या ओट्यावर बसते ती बाहेर बसली काय? मग मी काय रस्त्यावर राहते?" त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. मी आज जी काही आहे त्यात त्या ओट्याचा वाटा मोठा आहे. आम्ही तिच्या उपकारात आहोत असं आम्ही सगळे समजत होतो.

हिवाळ्यात, मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेच्या सुमाराला, मिलिंददादा सुट्टी घेऊन आला. तो वैतागलेला होता. आईला फोन लावला की चित्र अडकायचं. तोंड अर्धं उघडं, डोळे एकीकडे, आणि आवाज बंद. "मला दर वेळी वाटतं हिला काहीतरी झालं," तो म्हणाला. "शंभरचं कनेक्शन आहे आणि ओट्यावर बारा येतोय. फसवतात नुसते." त्यानं मुरबाडहून कंपनीचा मेकॅनिक बोलावला. त्याचं नाव विकी. पाठीवर सॅक, तोंडात सतत बडीशेप.

विकीनं तार लॅपटॉपला जोडली. पूर्ण शंभर. दादाला ते बघून आणखीच राग आला.

"मग बाकीचा जातो कुठं?"

"दादा, कंपनी बोलते ती तारेतली गोष्ट," विकी ओट्यावर बसत म्हणाला. "आणि जाहिरातीत बघा, 'शंभरपर्यंत' लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. तारेतनं निघालं की पुढं हवा. भिंत आली की कमी. दगडाची जाड भिंत म्हणजे संपलंच. पत्रा, लोखंड, स्टीलची भांडी असली की तिथनं मागं परततं."

"आणि पाणी?" आत्यानं विचारलं. कोनाड्याशेजारी तिच्या हंड्यांची उतरंड होती.

"पाणी तर पिऊनच टाकतं आत्या. माणूस पण. माणसात पाणीच असतं ना."

"म्हंजे ही पोरं मधे बसली की कमी?"

"थोडं. आणि ती सगळी एका वेळी लावतात ते वेगळं. हा डबा एका वेळी एकाशीच बोलतो, पटापट फिरतो म्हणून आपल्याला कळत नाय. दहा जण असले की प्रत्येकाला नंबर लागेपर्यंत थांबायचं. त्यात एकाचा फोन जुना असला की तो हळू बोलतो, त्याच्यापायी सगळे थांबतात. आणि ह्याच्यात दोन प्रकार असतात. एक जोरात पळतं पण भिंत ओलांडत नाय. दुसरं भिंत ओलांडतं पण हळू चालतं."

"खाली ठेवला तर?"

"खाली ठेवला तर जमिनीतच जातं निम्मं. वर पायजे. उंच, मोकळं, मधोमध."

"आणि पेटीत ठेवला तर?"

विकी हसला. "पेटीत कोण ठेवतं आत्या? पत्र्याच्या पेटीत ठेवला तर झालंच, घरातल्या घरात पण नाय मिळायचं."

आत्या पुढे सरकून हे सगळं ऐकत होती. सनी म्हणाला, "आत्या आता परीक्षा देणार." ती हसलीही नाही.

विकीनं तो डबा काढून पुढच्या खोलीच्या आढ्याला, खिडकीच्या वर लावला. दादानं त्याच दिवशी नवा, चार काड्यांचा डबा आणवला. आणि मग खरोखर नवल झालं. ओट्यावर ऐंशी-नव्वद. अंगणात भरपूर. मधे मोकळं शेत, अडवायला काही नाही, म्हणून शेताच्या पलीकडे आमच्या घराच्या पडवीतसुद्धा मिळायला लागलं. सगळी वाडी खूश. दादाच्या पाठीवर थापा पडल्या. आत्या सगळ्यांना चहा देत फिरत होती.

दादा सुट्टी संपवून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत बसून व्हिडिओ बघत होते. सनी त्याच्या घरात. सगळी आपापल्या घरात, चादर गुंडाळून. थंडीत कोण कशाला ओट्यावर जाईल? शेतापलीकडून त्रिसरण ऐकू आलं. भरभर. आई बाहेर आली, ऐकत उभी राहिली. "आज पोरं नायत काय तिकडं?" तिनं विचारलं.

त्याच आठवड्यात ते घडलं. बिबट्या आमच्याकडे नवीन नाही. माळशेजच्या बाजूनं उतरतात, कोंबड्या, शेळ्या नेतात. पोरं ओट्यावर गलका करत असायची तेव्हा तो त्या बाजूला फिरकत नसे. दिवेलागण झाली होती. आत्यानं दार लावून घेतलं होतं, आणि वाडीतलं एक पिवळं कुत्रं तिच्या ओट्यावर, पोरं बसायची त्या जागी, झोपलं होतं. आत्यानं खिडकीतून बघितलं ते बाहेर काहीतरी घासलं म्हणून. खिडकीच्या गजांपासून हातभर अंतरावर बिबट्याची पाठ होती. कुत्र्याला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

"मी तोंड उघडलं," तिनं नंतर आईला सांगितलं. आम्ही सगळे जमलो होतो, ओट्यावर रक्त होतं, आणि आत्या भिंतीला टेकून बसली होती. "उघडलं गो तोंड. आवाजच नाय आला. परात हातात होती, ती पण वाजवता नाय आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कुत्रं उचललं नि गेला." तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तुमी सगळे घरी होतात ना?" हा टोमणा नव्हता. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती.

पुरुष बॅटऱ्या घेऊन शोधायला गेले. वनखात्याची माणसं दुसऱ्या दिवशी येऊन ठसे बघून गेली. काही दिवस कुणी ना कुणी तिच्याकडे झोपायला जायचं. मग ते हळूहळू थांबलं. जो तो आपल्या कामाला लागला.

आणि वायफाय पुन्हा बिघडलं.

आधी आमच्या पडवीतून गेलं, मग अंगणातून. ओट्यावर तेवढं मिळायचं, तेही कधी कधी. त्यामुळे सगळे पुन्हा ओट्यावर. आत्या म्हणायची, "काय झालंय कोण जाणे, कंपनीच चोर हाय." आम्ही बसलो की ती आत जायची आणि तिथूनच विचारायची, "आता येतंय काय रे?"

"नाय आत्या."

आतून खण्ण आवाज.

"आता?"

"आता येतंय थोडं."

"अंगणात जाऊन बघ सनी."

"अंगणात पण येतंय आत्या!"

पुन्हा खण्ण. "आता बघ."

"आता नाय. ओट्यावरच येतंय."

"बरं बरं. मग ओट्यावरच बस."

आमच्यासाठी म्हातारी केवढी खटपट करते, असं आम्हाला वाटायचं. तिकडे मिलिंददादाचा जीव पुन्हा टांगणीला. चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. त्यात बिबट्याचं त्याला कळलेलं. "तू कशी आहेस?" तो विचारायचा. "चांगली हाय," आत्या म्हणायची. तिचा चेहरा तेव्हा चौकोन-चौकोन झालेला असायचा, त्यामुळे त्याला त्यातलं काही दिसायचं नाही. शेवटी त्यानं निक्षून सांगितलं, की एवढं करूनही चालत नसेल तर मी ते बंद करून टाकतो आणि तुला इकडे घेऊन येतो. रविवारी विकी येईल, त्याला जमलं तर ठीक, नाहीतर बॅग भर.

त्या आठवड्यात आत्यानं चिंच दिली नाही, कुणाला रागावलीही नाही. मी एकदा आत पाणी प्यायला गेले तर ती अंधारात बसलेली. "तिसरा मजला," ती म्हणाली. "तिथनं वरडलं तर आवाज वर जातो की खाली गो?"

रविवारी विकी आला. त्यानं आढ्याकडे बघितलं. डबा जागेवर नव्हता.

"आत्या, डबा कुठं गेला?"

"हाय ना आत. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून हलवला."

विकी तारेच्या मागे मागे गेला. मी दारात होते, मागे सनी. तार पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मग हंड्यांच्या उतरंडीमागून तांदळाच्या पत्र्याच्या कोठीकडे गेली होती आणि झाकणाखालून आत शिरली होती. विकीनं झाकण उचललं. तसा खण्ण आवाज झाला. चार काड्यांचा तो डबा तांदळात गळ्यापर्यंत रुतून बसला होता, आणि त्याचे हिरवे दिवे तांदळावर पडले होते.

विकीनं बडीशेप चावायची थांबवली. कोठीकडे बघितलं, पुढ्यात मांडलेल्या पाण्याच्या हंड्यांकडे बघितलं, मग मागची जाड भिंत बघितली. आपलीच शिकवण समोर मांडलेली त्यालाही ओळखू आली असणार.

"पत्रा," तो म्हणाला. "पाणी. भिंत. आणि खाली." मग त्यानं विचारलं, "का आत्या?"

आत्या चुलीपाशी उभी होती. एवढी उंच बाई, पण त्या वेळी शाळेत मार खायला उभ्या केलेल्या पोरासारखी दिसत होती. सनी हसायला लागला होता. मी त्याचा हात दाबला.

"घरी मिळायला लागलं की कोण येतंय इकडं?" ती म्हणाली.

मला सनीच्या वडिलांची खाली घातलेली मान आठवली आणि "तुमी सगळे घरी होतात ना" हा प्रश्न आठवला. विकीला तात्यांचं काही माहीत नव्हतं, पण बिबट्याचं प्रकरण मुरबाडपर्यंत पोचलं होतं. त्यानं डबा बाहेर काढला, त्यातले तांदळाचे दाणे झटकले आणि शर्टानं पुसला. तेवढ्यात दादाचा फोन आला. विकीनं फोन घेऊन आत्याच्या हातात दिला. "तुमीच सांगा त्यांना."

डबा मोकळ्यावर होता. खोलीत आम्ही चौघंच, फोन तेवढा एक. पहिल्यांदाच चित्र कुठे अडकलं नाही. दादाचा चेहरा स्वच्छ दिसत होता, म्हणजे तिचाही त्याला दिसत असणार. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओढलेले गाल, सगळं.

"आई," तो म्हणाला. "काय झालं तुला?"

आत्यानं फोन लांब धरला, मग जवळ आणला. चौकोनांच्या आड लपायची सवय झालेली. आता आड काही नव्हतं.

"मला भ्या वाटतं रे मिलिंद," ती म्हणाली. "तुजा बाप गेला तेव्हापासनं. दिवा लागला की दाराकडंच बघत बसते. ही पोरं बसली की बरं वाटतं. म्हणून मीच कोठीत घातला तो. कंपनीला काय बोलू नको."

आम्हाला वाटलं चित्र पुन्हा अडकलं. मग दादानं चष्मा काढून डोळे पुसले.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस."

"विकीला दे फोन."

दादा आणि विकी काय बोलले ते मला नीट ऐकू आलं नाही. विकीनं डबा खिडकीत, ओट्याच्या बाजूला लावला आणि लॅपटॉपवर काहीतरी करत बसला. मग आत्याला म्हणाला, "ह्याच्यात जोर कमी-जास्त करता येतो. कमी केलाय. ओट्यावर मस्त मिळेल, व्हिडिओ नि सगळं. ओट्याखाली उतरलं की मिळणार नाय. तांदूळ तेवढा आता खायला वापरा."

"नि मिलिंदला काय दिसंल?"

"तो फोन करेल तेव्हा तुमी पण ओट्यावर बसायचं."

वाडीत गोष्ट लपून राहिली नाही. सनीनं ती त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितली. कुणी हसलं, कुणी हळहळलं. सनीचे वडील मात्र दुसऱ्या दिवसापासून जेवणाआधी तिच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. वायफायशी त्यांचा काही संबंध नव्हता.

आत्याची भीती गेली असं मी म्हणणार नाही. खाकरणं, परात, भरभर म्हटलेलं त्रिसरण, सगळं शेवटपर्यंत होतं. मी पदवीधर झाले, कल्याणला नोकरी लागली, लग्न झालं. पेढे घेऊन गेले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तिकडं शेजार कसा हाय?" पुढे एका पावसाळ्यात ती गेली. मी नव्हते. पण मिलिंददादा उशाशी होता, माझी आई होती, शेजारपाजारच्या बायका होत्या. एकटी नव्हती.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. माहेरी निघाले होते. किन्हवलीला एसटीतून उतरले तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि नेमके गावातले दिवे गेले होते. रिक्षानं वाडीच्या फाट्यावर सोडलं. सगळीकडे काळोख दाटत होता. दिवे नाहीत म्हणजे वायफाय नाही, हे माझ्या डोक्यात आलं. वायफाय नाही म्हणजे पोरं उठून घरी गेली असणार. मी बॅग सांभाळत भराभर चालायला लागले. तिच्या घराशी आले. ओट्यावर एकाही फोनचा उजेड नव्हता. त्रिसरण ऐकू येत नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं. तोंड उघडूनही आवाज न येणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं.

"कोण चिंचोके खाली टाकतंय रे?" अंधारातून आत्याचा आवाज आला. "सकाळी मलाच झाडायला लागतात."

"सनीदादानं टाकलं आत्या."

"गप रे, मी कुठं टाकलं?"

सगळे तिथंच होते. भिंतीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून, हातात बंद फोन घेऊन. कुणी उठलं नव्हतं. मी न बोलता ओट्याच्या कडेला टेकले. आत्या त्यांच्या पुढून चाचपडत येत होती. अंधारात ती एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होती, हा आहे, ही आहे, असं पुटपुटत. तो हात माझ्या डोक्यावर आला आणि थांबला. केसांवरून फिरला, कानाशी आला. गार होता.

"ही कोण गो?" तिनं विचारलं.

"मी, आत्या. वाशिंदहून आले."

"बस," ती म्हणाली. "उठू नको. लाइट येईल आता."

आणि हात तसाच ठेवून ती माझ्या शेजारी बसली.